चाळीस सिनेमे, सहा बिन्स आणि मंगळसूत्राचा शॉट: 'फिनिक्स टेप्स'चं प्रकरण

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते, पुण्यात, अकरा वर्षं झाली आता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणारे ते कुठल्या आर्ट कॉलेजातून आलेल्या बाईचं नाहीये. एका लग्नाचं फुटेज येतं साधारण आठ-दहा तासांचं, दोन कॅमेरे, वर ड्रोन, आणि पहिलं काम काय तर बिन्स पाडायचे, म्हणजे एका जातीचे शॉट एकेका फोल्डरमध्ये टाकायचे. हळद एका बिनमध्ये, मंगलाष्टकं दुसऱ्यात, पाठवणी तिसऱ्यात, आणि एक बिन असतो नुसत्या हातांचा: मेंदी, अंगठी, अक्षता, कन्यादानाचं पाणी. हातांचा बिन फार उपयोगी. कुठे कट बसत नसेल तर हात टाका, कोणाला काही कळत नाही.

तर अशा बाईने 'फिनिक्स टेप्स' पहिल्यांदा बघितला तेव्हा तिला आधी हसूच आलं, कारण हे तर बिन्स आहेत! दोन जर्मन माणसांनी हिचकॉक या थरारपटांच्या दिग्दर्शकाच्या चाळीस सिनेमांचे बिन्स पाडलेत आणि ते बिन्सच सरळ कलाकृती म्हणून लावलेत. हसू पाचव्या बिनपर्यंत टिकलं. तो संपल्यावर मी लॅपटॉप बंद केला, चहा टाकायला गेले आणि दूध उतू गेलं तरी ओट्यापाशी उभीच.

प्रकरण असंय. १९९९ हे आल्फ्रेड हिचकॉकच्या जन्माचं शंभरावं वर्ष. ऑक्सफर्डच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्या निमित्ताने 'नोटोरियस' नावाचं मोठं प्रदर्शन लावलं, हिचकॉक आणि आजचे कलाकार असा विषय, आणि त्यासाठी क्रिस्टोफ जिरार्डे आणि मथियास म्युलर या जोडीकडून एक नवीन व्हिडिओ करून घेतला. तोच हा. पंचेचाळीस मिनिटं, सहा भाग. एकही शॉट त्यांनी स्वतः घेतलेला नाही, सगळं हिचकॉकचं. नाव ऐकून माझ्या डोक्यात दोन गोष्टी येतात, एक म्हणजे 'सायको' उघडतो तोच फिनिक्स शहरावर, आणि दुसरा अर्थातच राखेतून उठणारा पक्षी. 'टेप्स' तर सरळच, व्हिडिओ कॅसेटींचा जमाना.

दोघंही ब्राउनश्वाइगच्या कला महाविद्यालयात शिकलेले. म्युलर १९६१ चा, बिलेफेल्डचा. जिरार्डे १९६६ चा, हॅनोवरकडचा. दोघांनी एकट्याने केलेलं काम बघितलं की जोडी का जमली ते कळतं. म्युलरचा 'होम स्टोरीज' (१९९०) सहा मिनिटांचा आहे: हॉलिवूडच्या मेलोड्रामातल्या बायका, टीव्हीच्या पडद्यावरून फिल्म कॅमेऱ्याने परत शूट केलेल्या. एक बाई दिवा लावते, दुसरी उठून बसते, तिसरी दाराला कान लावते, चौथी दचकून वळते, आणि बघता बघता या सगळ्या मिळून एकच बाई होते जी एका घरात अडकलीये. संगीत डिर्क शेफरचं. त्याच्या आदल्या वर्षी म्युलरने एड्सने गेलेल्या मित्रासाठी एक शोकाची फिल्म केली होती, आणि त्याचं काम क्विअर, म्हणजे समलिंगी वगैरे लोकांच्या, सिनेमाच्या संदर्भात कायम वाचलं जातं. म्हणजे हा रडणारा. जिरार्डे मोजणारा. त्याने १९९६ मध्ये 'किंग काँग'मधली नटी फे रे हिची किंकाळी घेतली आणि ती इतकी पुढेमागे केली की शेवटी माकड-बिकड काही उरत नाही, नुसती एक बाई ओरडायला तोंड उघडतीये. नंतर २००३ मध्ये त्याने सिनेमांतल्या घड्याळांचे साठ शॉट लावून एक मिनिट केलं. रडणारा आणि मोजणारा एका टेबलाशी बसले तर काय होतं, तर 'फिनिक्स टेप्स'.

आता अडचण काय होती बघा. हिचकॉक हा काही कुठल्या अडगळीत सापडलेला माणूस नाही. फाउंड फुटेजवाले, म्हणजे दुसऱ्यांच्या फुटेजमधून नवीन काम करणारे लोक सहसा काय शोधतात, तर विसरलेलं, फेकलेलं, शाळेत दाखवायच्या जुन्या फिल्म्स, कोणाच्या तरी घरची रिळं. इथे उलटं, जगात सगळ्यात जास्त बघितलेल्या, सगळ्यात जास्त लिहिल्या गेलेल्या दिग्दर्शकांपैकी एक, ज्याचा बाथरूममधला खून ज्यांनी सिनेमा बघितलेला नाही त्यांनाही पाठ. अशा फुटेजमध्ये 'सापडण्यासारखं' उरलं काय? शिवाय डग्लस गॉर्डन हा कलाकार १९९३ मध्येच 'सायको' चोवीस तासांपर्यंत ताणून मोकळा झाला होता, सेकंदाला साधारण दोन फ्रेम्स, म्हणजे एकच सिनेमा घेऊन खोल खणायचं काम झालेलं होतं. या दोघांनी आडवं खणलं. चाळीस सिनेमे, प्रत्येकी पावणेदोन तास धरले तर सत्तर तास होतात, आणि ते एकदा बघून भागत नाही हे मी शपथेवर सांगू शकते, एकेक रील चार-पाच वेळा फिरवावंच लागतं, त्यातून पंचेचाळीस मिनिटं. आणि कथा? कथा पूर्ण काढून टाकली. कोणी कोणाला का मारलं, पैसे कुठे गेले, हेर कोण होता, सगळं बाद.

पहिला भाग 'रटलंड', जागांचा. रस्ते, माळ, कोणीतरी कुठेतरी पोचतंय आणि तिथे कोणीच नाहीये. (हिचकॉकच्या 'मार्नी' सिनेमात मार्नीच्या नवऱ्याचं आडनाव रटलंड, ते लक्षात ठेवा, मार्नी परत येणारे.) मला तो ठीक वाटला, थोडा लांबला. तिसरा 'डीरेल्ड', आगगाड्या, झोप, स्वप्नं, पडणं, हाही पटकन निघून जातो, छान आहे पण झोपलेला माणूस आणि धडधडणारी गाडी हे कॉम्बिनेशन आता इतक्या जाहिरातींत येऊन गेलंय की धक्का बसत नाही.

दुसरा भाग मात्र, 'बर्डन ऑफ प्रूफ', तो म्हणजे माझा हातांचा बिन. हात आणि वस्तू. किल्ली, पत्र, लायटर, अंगठी, नावाची आद्याक्षरं. हिचकॉक वस्तूंवर किती प्रेम करायचा हे ऐकून माहीत असतं. त्याच्या 'नोटोरियस' या सिनेमात पार्टीच्या अख्ख्या हॉलवरून कॅमेरा उतरत उतरत नायिका इन्ग्रिड बर्गमनच्या मुठीतल्या किल्लीवर येऊन थांबतो. 'सस्पिशन'मध्ये जिन्यावरून नेत असलेला दुधाचा ग्लास उठून दिसावा म्हणून त्याने ग्लासात दिवा ठेवला होता, खराखुरा बल्ब. पण सिनेमा बघताना ती वस्तू पुराव्याची असते, तिला काम असतं. काम काढून घेतलं आणि वस्तू एकामागून एक आल्या की कळतं की हा माणूस किल्लीकडे जसा बघतो तसा लोक सहसा माणसांकडे बघतात. बोटं पाकीट उघडतात, बोटं काहीतरी लपवतात, बोटं चाचपतात. दोन-तीन मिनिटांनी मला अवघडायला लागलं, जसं लोकलमध्ये कोणीतरी शेजाऱ्याच्या फोनमध्ये डोकावून वाचत असतं आणि आपण त्या डोकावणाऱ्याकडे बघत असतो तसं.

चौथा भाग आयांचा, आणि त्याचं नाव 'मार्नी'मधून आलंय. मोठी झालेली मुलगी आईला विचारते की तू माझ्यावर प्रेम का करत नाहीस. मूळ सिनेमात तिथे एक गोष्ट आहे जी मला विसरता येत नाही: आई शेजारच्या लहान मुलीचे केस विंचरतीये, मार्नी बाजूला, आणि तिला ते बघवत नाही. एवढंच. ब्रश आणि पिवळे केस. हिचकॉकच्या आया म्हणजे एक वेगळाच नमुना, 'सायको'तली आई तर मेलेली असूनही घर चालवते, 'नोटोरियस'मधली मुलाला बायकोवर विषप्रयोग कसा करायचा ते शिकवते, 'स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन'मधल्या आईला मुलगा काय आहे ते कळतच नाही. आपल्याकडे सिनेमातली आई म्हटलं की शिलाई मशीन आणि देवघर, त्यामुळे हा भाग मराठी माणसाला जरा जास्तच टोचतो असं माझं मत. ओढ म्हणजे फक्त बाई-पुरुषाची नसते, पहिली ओढ ही असते, आणि ती पुरी झाली नाही की माणूस पुढे किल्ल्या चोरत फिरतो, हे या दोघांनी चौथ्या नंबरवर ठेवलंय आणि लगेच पाचव्यावर बेडरूम. हा क्रम उगाच नाहीये.

'बेडरूम' हा पाचवा भाग.

त्याआधी जरा मागे जाऊ. अमेरिकन सिनेमाला १९३४ पासून एक आचारसंहिता कडक लागू होती, लांब आणि कामुक चुंबनं नकोत, तीन सेकंदांच्या वर नको असा संकेतच पडला होता. हिचकॉकने 'नोटोरियस'मध्ये (१९४६) काय केलं तर कॅरी ग्रँट आणि बर्गमन तीन सेकंदांच्या आत ओठ वेगळे करतात, रात्रीच्या जेवणात कोंबडी करायची का आणि भांडी कोण घासणार यावर बोलतात, परत ओठ, परत बोलणं, बाल्कनीतून फोनपर्यंत आणि फोनवरून दारापर्यंत, कॅमेरा दोघांना चिकटलेला, आणि असा तो सीन अडीच मिनिटं चालतो. नियम पाळून नियम मोडला. आपल्याकडे दोन फुलं एकमेकांना टेकवायचे, हा माणूस कोंबडीवर बोलायचा. आता एडिटरच्या नजरेने बघा, या अशा प्रेमाच्या सीनमध्ये सगळ्यात जास्त काम कोण करतं तर हात. मान धरलेली, गालाशी अंगठा, केसात बोटं. आणि हिचकॉकचे खून कसे होतात? बंदुका कमी, गळा दाबणं फार. 'रोप' सुरूच होतो गळा आवळण्यावर, 'स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन'मधला खून आपल्याला गवतात पडलेल्या चष्म्याच्या काचेत दिसतो, 'फ्रेन्झी'त टाय, 'डायल एम फॉर मर्डर'मध्ये मागून गळ्यात पडणारा फास. म्हणजे परत मान, परत अंगठा, परत बोटं.

फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोने फार पूर्वीच म्हणून ठेवलं होतं की हा माणूस प्रेमाचे सीन खुनासारखे घेतो आणि खुनाचे सीन प्रेमासारखे. वाक्य म्हणून ऐकलं की वा वा म्हणून आपण पुढे जातो. जिरार्डे-म्युलर वाक्य बोलत नाहीत, ते शॉटला शॉट लावतात. एका सिनेमातला हात वर येतो, दुसऱ्या सिनेमातल्या मानेपर्यंत पोचतो, तिसऱ्यात बाई डोळे मिटते आणि चौथ्यात उशीवर पडते. मधे वीस-तीस वर्षं गेलेली असतात, कृष्णधवल रंगीत झालेलं असतं, नट वेगळे, नटी वेगळी, पण हाताची हालचाल तुटत नाही. आणि कुठल्या कटवर प्रेमाचा खून झाला ते सापडत नाही. मी मागे जाऊन शोधलं, दोनदा, फ्रेम फ्रेम करत, धंद्याची सवय. प्रत्येक वेळी बोट एका कटवर ठेवते आणि वाटतं की छे, याच्या दोन शॉट आधीच गडबड सुरू झाली होती.

याच ठिकाणी दूध उतू गेलं.

त्याच आठवड्यात माझ्या टाइमलाइनवर एक लग्न होतं. मंगळसूत्र घालतानाचा शॉट आपल्याकडे एकाच पद्धतीने घेतात, तुम्हीही हजारदा बघितलाय: कॅमेरा नवरीच्या समोर, क्लोजअप, तिची नजर खाली, करवली मागून केस वर धरते, आणि फ्रेमच्या दोन्ही बाजूंनी दोन हात येतात आणि मानेभोवती जातात. चेहरा दिसत नाही त्याचा, फक्त हात. आम्ही तो सेकंदाला शंभर फ्रेम्सवर शूट करतो म्हणजे गुळगुळीत स्लो होतो, खाली सनई किंवा पियानो. मी तो शॉट अकरा वर्षांत किती वेळा लावला असेल. त्या दिवशी लावता येईना. त्या मुलाचा काही दोष नाही, बिचारा घामाघूम झालेला, हूक लागत नव्हता त्याला. पण शॉटच्या अंगात काहीतरी होतं जे मी आणलेलं नव्हतं.

इथे मला शब्दाचा एक खेळ करू द्या. या असल्या कामांबद्दल इंग्रजीत 'डिझायर' हा जो शब्द सतत येतो त्याला मराठीत इच्छा म्हणा, ओढ म्हणा, वासना म्हणा. वासना आपण वाईट अर्थाने वापरतो, वर्तमानपत्रात 'वासनांध' येतं. पण मूळ अर्थ मागे राहिलेला ठसा, डब्यातली हिंग संपली तरी डब्याला वास राहतो ना, तसं. आणि तिसरा अर्थ घाटावरचा. आमच्या आजोबांच्या दहाव्याला ओंकारेश्वराला कावळा शिवेना. अर्धा तास उलटला, सगळे उन्हात उभे, एकेकजण पुढे होऊन सांगतोय, आजीला सांभाळू, घर विकणार नाही, धाकट्याचं लग्न करून देऊ, कावळा आपला फांदीवर. शेवटी काका वैतागून म्हणाला, बरं, रेडिओ भंगारात देणार नाही. शिवला! गुरुजी शांतपणे म्हणाले, वासना राहिली होती.

फाउंड फुटेजचं सगळं प्रकरण मला तेव्हापासून असंच दिसतं. सिनेमा होऊन गेलेला असतो, कथा मिटलेली, खुनी पकडलेला, नटनट्या बऱ्याच वारलेल्या. तरी चित्रात काहीतरी राहिलेलं असतं जे कथेने पुरं केलं नाही. हे दोघं पिंड मांडून बसतात आणि बघतात की कशाला कावळा शिवत नाही.

आणि म्हणून सहावा भाग, 'नेक्रोलॉग'. म्हणजे मृत्युलेख. पाच भाग नुसते कटवर कट, आणि मग हे. बर्गमनचा चेहरा, 'अंडर कॅप्रिकॉर्न' (१९४९) मधला, एकच शॉट, बाई बिछान्यात, आणि प्रचंड म्हणजे प्रचंड स्लो. गालावर अश्रू. ती मरतीये की जागी होतीये कळत नाही. एक तांत्रिक गोष्ट सांगते जी कलेबद्दल लिहिणारे लोक सहसा सांगत नाहीत: आम्ही लग्नात स्लो मोशन करतो तेव्हा शंभर फ्रेम्स खरंच घेतलेल्या असतात, पण जुना सिनेमा सेकंदाला चोवीस फ्रेम्सचा, त्यापेक्षा जास्त काही त्या रिळात नाहीच. तो ताणायचा तर एकच फ्रेम परत परत दाखवा, नाहीतर दोन फ्रेम्स एकमेकींत विरघळवा. मग पापणी हलत नाही, एका जागेवरून विरून दुसऱ्या जागी उगवते. मधला वेळ जो आपण बघतोय तो कॅमेऱ्याने कधी बघितलेलाच नाही. पाठवणीचं रडणं मीही स्लो करते, रोज करते, त्याने सगळ्यांना बरं वाटतं. इथे बरं वाटत नाही. 'बेडरूम'मध्ये इतक्या बायका मारून झाल्यावर एका बाईपाशी थांबायचं, आणि तिला मरूही द्यायचं नाही आणि उठूही द्यायचं नाही, हा रडणारा आणि मोजणारा दोघांचा मिळून घेतलेला निर्णय वाटतो मला. नुसत्या मोजणाऱ्याने शेवटी अजून एक यादी दिली असती. नुसत्या रडणाऱ्याने हा चेहरा पहिल्यांदाच दाखवून टाकला असता.

दोघं लागतात याचं अजून एक कारण माझ्या कामातून सांगते. स्टुडिओत आम्ही दोघं बसतो, मी आणि आमचा कॅमेरावाला दादा. मला एखादा शॉट आवडला की मी आंधळी होते, तो म्हणतो काढ. त्याला आवडला की मी म्हणते काढ. दुसऱ्याचं फुटेज कापताना तर हे फारच लागतं, कारण आपल्याला जे चित्र सारखं परत परत बघावंसं वाटतं ते का बघावंसं वाटतंय हे आपण स्वतःला विचारत नाही, शेजारचा विचारतो. हिचकॉकच्या बायकांच्या किंकाळ्या रात्रंदिवस मागेपुढे करत एकटं बसणं, तेही वर्षभर, मला वाटतं धोक्याचं आहे, डोक्याला आणि कामालाही.

तरीही सगळं पास करून चालणार नाही, दोन गोष्टी खटकतात. पहिली, बिन खोटं बोलतो. 'डायल एम'मध्ये ग्रेस केली टेबलावर दाबली गेलेली असताना मागे हात नेऊन कात्री शोधते आणि मारणाऱ्यालाच मारते. कात्रीच्या आधी कापलं तर ती बळी, कात्रीनंतर कापलं तर काहीतरी वेगळंच. कुठे कापायचं हे ज्याच्या हातात, त्याच्या हातात ती बाई. लग्नात रुसलेल्या आत्याचे दोन सेकंद चुकीच्या जागी लावले तर दोन घरं कायमची तुटू शकतात, मी बघितलंय, म्हणून सांगते. हिचकॉक सगळा असाच होता असं पंचेचाळीस मिनिटांत वाटायला लागतं, आणि तो तसाच नव्हता, त्याच्यात विनोद होता, खट्याळपणा होता, त्या कोंबडीच्या गप्पा होत्या. त्या या बिन्सना फारशा मानवत नाहीत.

दुसरी जास्त अवघड. सिनेमाच्या अभ्यासक लॉरा मल्व्हीने १९७५ मध्येच हिचकॉकचे सिनेमे समोर ठेवून लिहिलं होतं की पडदा पुरुषाच्या नजरेने बाईला कसा बघतो. बायकांच्या खुनांची माळ ओवली की ती नजर उघडी पडते, मान्य, पण तीच मजा परत एकदा वाटूनही होते ना? आणि काही चित्रांमागे खरं दुखणं आहे. 'द बर्ड्स'मधल्या माडीवरच्या सीनसाठी टिपी हेड्रन या नटीवर (मार्नीही तीच) पाच दिवस खरे पक्षी फेकले गेले, डोळ्याजवळ लागलं, डॉक्टरने सक्तीची विश्रांती सांगितली. हिचकॉकने आपल्याला कसा त्रास दिला, अंगचटीला कसा आला, ते तिने २०१६ च्या आत्मचरित्रात लिहिलं. 'मार्नी'चा कुठलाही तुकडा मी आता बघते तेव्हा ते माहीत असतं. १९९९ मध्ये या दोघांना आणि बघणाऱ्यांना ते आजच्याइतकं माहीत नव्हतं. त्यामुळे आज चौथा भाग बघताना तो त्यांनी केला त्याहून जास्त अस्वस्थ करतो, त्याचं श्रेय त्यांचं नाही आणि दोषही नाही. चित्रावर नंतर साचलेलं आहे ते.

परवानगीचा प्रश्न सगळे विचारतात म्हणून दोन ओळी. असली कामं गॅलरीत आणि फेस्टिव्हलात कायद्याच्या कडेकडेने चालतात. जर्मनीत तेव्हा कॉपीराइट कायद्यात मुक्त वापराचं कलम होतं, दुसऱ्याच्या कामावरून पूर्ण वेगळं स्वतंत्र काम केलं तर चालायचं, ते २०२१ मध्ये रद्द होऊन त्या जागी विडंबन, व्यंगचित्र आणि त्या जातीच्या नकलेला मुभा देणारं कलम आलं. किती वाद होऊ शकतो बघा, क्राफ्टवर्क या बँडच्या गाण्यातल्या दोन सेकंदांच्या ठेक्यावरून जर्मनीत वीस-पंचवीस वर्षं खटला चालला आणि २०१९ मध्ये त्यावर युरोपच्या न्यायालयालाही निकाल द्यावा लागला. आमच्याकडे लग्नाच्या व्हिडिओला हिंदी गाणं लावलं तर दोन मिनिटांत आवाज बंद होतो, तो विषय वेगळा.

जोडी पुढे टिकली ही माझ्या मते या प्रकरणातली खरी मिळकत. एकदा हिचकॉकची मदत घेतली, मग सोडून दिली. 'मॅन्युअल' (२००२) मध्ये बटणं, डायल आणि यंत्रं आणि त्यावर एका बाईचा मेलोड्रामातला आवाज. 'बीकन'मध्ये समुद्र, आणि तिथे त्यांनी स्वतः घेतलेले शॉटही सापडलेल्यांत मिसळले. 'प्ले' (२००३) मध्ये नुसते प्रेक्षक, टाळ्या वाजवणारे, वाट बघणारे, आणि रंगमंच दाखवलाच नाही, हा माझा सगळ्यात लाडका, कारण लग्नातही मी तेच शोधते, अक्षता टाकायच्या राहून गेलेला एखादा माणूस. आणि 'क्रिस्टल' (२००६), आरशांचा, आरशासमोरच्या बायका आणि पुरुष आणि मग काच फुटते, त्याला कान फिल्म फेस्टिव्हलच्या क्रिटिक्स वीकमध्ये शॉर्ट फिल्मचं बक्षीस मिळालं. 'क्रिस्टल' 'फिनिक्स टेप्स'पेक्षा कितीतरी सफाईदार आहे. मला थोडा जास्तच सफाईदार वाटतो. 'बेडरूम'मध्ये जी एक ओबडधोबड भीती आहे, की आपण हे काय उघडून बसलोय, ती आरशांत तेवढी नाही, तिथे त्यांना आपण काय करतोय ते पक्कं माहीत आहे.

तर त्या मंगळसूत्राच्या शॉटचं काय केलं. तीन दिवस टाळलं. मग स्लो काढून टाकला, सनई काढली, आणि जागेवरचा आवाज परत लावला. त्यात गुरुजी 'वाजवा' म्हणून ओरडतायत, कोणाचं तरी पोर रडतंय, आणि हूक लागत नाही म्हणून नवरी अगदी हळू आवाजात, ओठ न हलवता म्हणते, "डावीकडून घे रे, डावीकडून." दोन हात थांबतात, बाजू बदलतात, हूक लागतं. साडेअकरा सेकंद, एकही कट नाही.

लिंक पाठवली. दुसऱ्या दिवशी नवरीच्या आईचा फोन आला, बाकी सगळं फार छान झालंय म्हणाल्या, फक्त तेवढं मंगळसूत्र स्लो करून द्या ना, म्युझिकवर, सगळ्यांच्यात असतं तसं. दादा शेजारीच बसला होता, त्याने माझ्याकडे बघितलं. करून दिलं.